सिंधूचे पाटीवाले फोटो

"याच्यातही पाटी आहे," अनुराधा म्हणाली आणि तो फोटो तिनं डावीकडच्या ढिगावर टाकला.

डावीकडचा ढीग चांगलाच वाढला होता. उजवीकडे, म्हणजे चालण्यासारखे फोटो जिथे ठेवायचं ठरलं होतं तिथे, टेबलाचा सनमायका तेवढा दिसत होता. सिंधूचा दहावा होऊन गेला होता. तेराव्याला भिंतीवर लावायला एक फोटो हवा होता, हार घालण्याजोगा, आणि तो निवडायला बाप आणि लेक सकाळपासून जेवणाच्या टेबलाशी बसली होती.

अच्युत वझे म्हणजे भोपाळच्या पिपलानीतल्या त्या अख्ख्या टाउनशिपचा फोटोवाला माणूस. त्याच्या क्वार्टरमध्ये पलंगाखाली फोटो, माळ्यावर फोटो, देवघराच्या खालच्या कप्प्यात फोटो. ज्यांच्याकडे जन्मात कॅमेरा नव्हता अशा शेजाऱ्यांच्या घरीसुद्धा बायकोचा एखादा धड फोटो निघाला असता. इथे सिंधूचे फोटो खोकीच्या खोकी भरून होते, आणि प्रत्येकात ती त्याच भिंतीपुढे, त्याच हिरव्या साडीत, छातीशी दोन्ही हातांनी दगडी पाटी धरून उभी होती.

"पोलीस चोरांचे काढतात ना, तसे आहेत हे," अनुराधा म्हणाली. "इतक्या वर्षांत आईचा एक ढंगाचा फोटो नाही काढलात तुम्ही?"

अच्युतनं चष्मा पुसला. त्याला वाटलं, हिला समजावून सांगावं. मग त्याच्या लक्षात आलं की ही याच घरात वाढली आहे, हिला सगळं ठाऊक आहे, आणि ठाऊक असूनच ती विचारते आहे.

पाटीची गोष्ट अशी होती. अच्युत तरुणपणी साताऱ्याहून भोपाळला आला तो कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन म्हणून. क्वार्टर मिळालं, मग सिंधू आली, आणि तिच्यामागोमाग कॅमेरा आला. टाउनशिपच्या फोटो क्लबात तो गेला आणि तिथलाच होऊन बसला. त्या क्लबात दर महिन्याला भांडण व्हायचं आणि ते कायम एकाच गोष्टीवरून, की फिल्म कोणती चांगली. ग्वाल्हेरचा नरहर मुजुमदार कट्टर फुजीवाला. स्टोअर्समधले एक बंगाली बाबू कोडॅकशिवाय दुसरी फिल्म हातात धरायला तयार नसत. कुणी कुणाचं ऐकून घेत नसे. अच्युत मात्र कुणाच्याच बाजूचा नव्हता. तो म्हणायचा, फिल्म वाईट नसते, आपण तिला भलतंच काम सांगतो.

आणि एकदा सुरू झाला की ऐकत राहावं असं बोलायचा. माणसं असतील तर कोडॅक भरावी, ती कातडीत ऊब आणते. हळदीची, झेंडूची, लग्नघराची ती फिल्म. झाडं आणि पाणी फुजीच्या हवाली करावं. श्रावण-भाद्रपदात मोठ्या तळ्याच्या काठावर हिरव्याच्या जेवढ्या जाती असतात तेवढ्या ती वेगवेगळ्या दाखवते. दगडमातीला आग्फा. सांचीचा स्तूप, भीमबेटकाचे खडक, त्यांच्यातला तांबूस तपकिरी रंग तिच्याइतका मुरलेला कुणाला जमत नाही. कोनिका निळ्याच्या बाबतीत सढळ, थंडीतल्या सकाळचं आभाळ तिला द्यावं. कृष्णधवलात पूर्व जर्मनीची ओर्वो घेतली तर पांढऱ्या-काळ्याच्या मधल्या करड्या छटा संपता संपत नाहीत. आणि आपली उटीची इंदू घ्यावी ती कारखान्यासाठी, टर्बाइनच्या पोलादावरची चमक आणि वेल्डरच्या कपाळावरचा घाम टिपायला. इंदू स्वतःच सरकारी कारखान्यात जन्मलेली असल्यामुळे तिला लोखंड कळतं, असं तो म्हणायचा आणि सगळा क्लब हसायचा.

कुणाला थोडा जास्त उजेड दिला की ती खुलते, कुणाला हात राखून दिलेलाच मानवतो, कोण उन्हाळ्यात कपाटात ठेवली की बिघडते, हे सगळं तो असं सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, घरातल्या लेकीसुनांचे स्वभाव सांगतो आहे. घरातल्या माणसांबद्दल इतकं बारकाईनं बोलताना मात्र त्याला कधी कुणी ऐकलं नव्हतं.

हे स्वभाव त्यानं ओळखले कसे, तर सिंधूला उभं करून. नवा रोल भरला की पहिला फोटो तिचा. सकाळचं ऊन मागच्या अंगणात आलं की तो हाक मारायचा. ती गॅस बारीक करायची, हात पुसायची आणि ती साडी नेसून यायची. हिरवी साडी, लाल काठ. ती त्यानंच निवडून आणली होती, एकाच फोटोत हिरवा आणि लाल दोन्ही तपासता यावेत म्हणून. मागे चुन्यानं पांढरी केलेली भिंत, हातात पाटी, पाटीवर पांढऱ्या खडूनं फिल्मचं नाव आणि महिना. फिल्म तेवढी बदलायची, बाकी काही बदलायचं नाही. मग फोटोत जे वेगळं दिसेल ते फिल्मचं, असा त्याचा साधा सरळ हिशेब होता.

हसायची परवानगी नव्हती. हसल्यावर गालांवर उजेड वेगळा पडतो. ती साडी पुढे विरली, काठ सुटला, तेव्हा सिंधूनं ती भांडीवालीला द्यायच्या गाठोड्यात टाकली होती, तर अच्युतनं सगळं गाठोडं सोडून ती परत काढली आणि संध्याकाळपर्यंत तिच्याशी बोलला नाही. त्यानंतर सिंधू तिला टेस्टची साडी म्हणू लागली. बाकीच्या साड्यांपासून वेगळी ठेवायची, रफू करायची, आणि त्या कामापुरती नेसायची.

एकदाच तिनं मागितलं होतं. कुणाकडे तरी मुंजीला निघाली होती दोघं. तिनं नवी चंदेरी नेसली होती, फिक्या जांभळ्या रंगाची, आणि दारातच थांबून ती म्हणाली होती, "अहो, माझा एक साधा काढा ना. पाटीबिटी नको."

अच्युतनं कॅमेऱ्याकडे बघितलं आणि अगदी मनापासून, तिच्या भल्याचं सांगावं तसं सांगितलं, "यात फुजी आहे गं. फुजी झाडांची. तुझ्या रंगाला कोडॅकच हवी. भरली की काढू."

पुढे कोडॅक भरली. तिच्यातला पहिला फोटो पाटीचा झाला आणि बाकीचा रोल जनरल मॅनेजरच्या मुलीच्या लग्नात संपला. सिंधूनं पुन्हा विषय काढला नाही, आणि अच्युतला वाटलं, ती विसरली.

आता टेबलावर हे सगळं पसरलं होतं. लग्नातले फोटो साताऱ्याला थोरल्या भावाकडे होते आणि त्यांत मुंडावळ्यांखाली नवरीचा चेहराच दिसत नव्हता. सांचीच्या एका फोटोत पाटी नसलेली सिंधू सापडली खरी, पण ती स्तूपाच्या पायाशी नखाएवढी होती. स्तूप केवढा मोठा आहे ते कळावं म्हणून त्यानं तिला तिकडे उभं केलं होतं. अनुराधाच्या लग्नाचा अल्बम निघाला. त्यात विहिणी होत्या, आचारी होते, मांडवाची झालर होती. सिंधू दोनतीन ठिकाणी पाठमोरी होती.

"माझ्या लग्नात पण नाही," अनुराधा म्हणाली.

मग तिनं वेगळंच काही सुरू केलं. पाटीवरचे महिने बघून तिनं ते फोटो वयाप्रमाणे ओळीनं मांडायला घेतले. तिचं म्हणणं, सोनागिरीतल्या स्टुडिओवाल्याकडून पाटी कापून फक्त चेहरा मोठा करून घेऊ. निदान त्यातल्या त्यात बरा चेहरा निवडू. अच्युतला ते पटलं. अशा ओळी त्यानं स्वतः कितीदा मांडल्या होत्या, पण फिल्मप्रमाणे, कोडॅकखाली कोडॅक आणि आग्फाखाली आग्फा. वयाप्रमाणे त्यानं त्या कधी बघितल्या नव्हत्या. आता तीच साडी आणि तीच भिंत यांच्यापुढे एक बाई टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत म्हातारी होत गेलेली त्याला दिसली. केसांची कड पांढरी झाली, खांदे उतरले, पाटी थोडी थोडी खाली येत गेली.

"हा कधीचा?" अनुराधानं शेवटच्या खोक्यातला एक उचलला. "दसऱ्यानंतरचा दिसतोय. आई किती पिवळी दिसतेय यात."

"आई नाही, प्रिंट पिवळी आहे," अच्युत झटकन म्हणाला. "महाराणा प्रताप नगरातल्या त्या लॅबवाल्यानं घोळ घातला होता. मी परत करायला लावली. थांब, दुसरी दाखवतो."

त्याला तो दिवस चांगला आठवत होता. लॅबमधून आलेलं पाकीट तो नेहमीच उत्सुकतेनं फोडायचा, आणि त्या दिवशी पाकीट फोडल्या फोडल्या सिंधूचा चेहरा त्याच्या डोळ्यांत खुपला होता. पिवळा, आणि पिवळ्यात किंचित हिरवट. त्यानं काउंटरवरच लॅबवाल्याला फैलावर घेतलं. तुमचं रसायन शिळं झालंय, तुम्हाला कातडीचा रंग कळत नाही, हे आणि असं बरंच. लॅबवाला कंटाळून हो म्हणाला आणि दोन दिवसांनी त्यानं दुसरी प्रिंट दिली, तिच्यात सिंधूचा चेहरा नेहमीसारखा होता. अच्युतचं समाधान झालं. पुढच्या महिन्यात फुजी भरली तर पुन्हा तेच. म्हणजे कोडॅकचा दोष नाही, लॅबचा कागदच खराब, असं ठरवून त्यानं लॅब बदलली. क्लबात त्यानं हे रंगवून सांगितलं होतं.

त्यानं दुसरी प्रिंट शोधून पहिलीच्या शेजारी ठेवली, अनुराधाला फरक दाखवायला. आणि बोट ठेवायला म्हणून वाकला तो तसाच राहिला.

प्रिंट तपासताना आधी खडू बघायचा, मग भिंत, आणि चेहरा सगळ्यात शेवटी, हे क्लबात नव्या लोकांना त्यानंच शिकवलं होतं. सगळी प्रिंट पिवळी असेल तर खडूही पिवळा यायला हवा. पांढऱ्याला खोटं बोलता येत नाही, असं तो सांगायचा. त्या दिवशी मात्र चेहरा इतका खुपला होता की त्यानं खडू बघितलाच नव्हता. आता बघितला. पहिल्या प्रिंटमध्ये खडूची अक्षरं पांढरी स्वच्छ होती. भिंत पांढरी होती. काठ लाल होता, जसा असतो तसा. पिवळा होता फक्त चेहरा. आणि पाटी धरलेली बोटं. आणि डोळ्यांतला पांढरा भाग.

दुसऱ्या प्रिंटमध्ये चेहरा झकास होता आणि खडू निळसर झाला होता. लॅबवाल्यानं बिचाऱ्यानं सांगितलं तेवढं केलं होतं. चेहऱ्यातला पिवळा काढायला त्यानं सगळ्या फोटोत निळा ओतला होता.

कुणी काही चुकवलं नव्हतं. ना कोडॅकनं, ना फुजीनं, ना लॅबनं, ना कागदानं. घरातल्या कुणाच्या लक्षात यायच्या आधी, डॉक्टरच्याही आधी, फिल्मनं ते बघितलं होतं आणि जसं होतं तसं त्याच्या हातात आणून दिलं होतं. त्यानं ते भांडून दुरुस्त करून घेतलं.

"काय झालं?" अनुराधानं विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "खडू बघत होतो."

तिनं त्याच्याकडे असं बघितलं की आता याला काय बोलावं. मग ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिथून तिचं नेहमीचं सुरू झालं. नेहमीचं म्हणजे डॉक्टर श्रीवास्तव. टाउनशिपच्या दवाखान्यातला हा डॉक्टर तिच्या लेखी आईचा खुनी होता. दिवाळीनंतर सिंधूला अन्न जाईना, अंगाला खाज सुटे, तेव्हा ती त्याच्याकडे गेली होती. त्यानं ॲसिडिटीच्या गोळ्या आणि अंगाला लावायचं मलम दिलं. संक्रांतीनंतर मोठ्या इस्पितळात नेलं तोवर पित्ताच्या नळीतली गाठ हाताबाहेर गेली होती. तिथला सर्जन म्हणाला होता, कावीळ पहिल्यांदा दिसली तेव्हाच आणलं असतं तर ऑपरेशन करता आलं असतं. हे वाक्य अनुराधानं मनात कोरून ठेवलं होतं. सिंधू गेली त्याच दिवशी तिनं दवाखान्याच्या व्हरांड्यात, रांगेतल्या सगळ्या पेशंटांदेखत, श्रीवास्तवला नाही नाही ते सुनावलं होतं. तो मान खाली घालून उभा होता.

"अंधा था क्या वो?" ती आतून म्हणाली. "डोळे बघून कळत नाही? पाचवीतल्या पोरालाही पिवळं ओळखता येतं, बाबा."

सिंधूला घेऊन तो दवाखान्यात गेला ती संध्याकाळ अच्युतसमोर होती, आणि अनुराधा व्हरांड्यात बोलत होती तेव्हाही ती त्याला आठवली होती, पण तेव्हा त्याची खात्री होती की आपण बोललो ते बरोबर बोललो. श्रीवास्तवनं सिंधूची खालची पापणी ओढून बघितली होती. बाहेर अंधारून आलं होतं, खोलीत एकच ट्यूबलाइट. डॉक्टरला नक्की ठरवता येईना. दवाखान्याच्या भिंतीवर अच्युतनंच काढलेला मोठ्या तळ्याचा फोटो होता, फुजीवरचा. श्रीवास्तव त्याच्याकडे वळून म्हणाला होता, "ट्यूबलाइट में ठीक से समझ नहीं आ रहा, वझेजी. घर पे आँखें पीली तो नहीं लगतीं? आपसे बेहतर कौन बताएगा."

आणि अच्युत म्हणाला होता, "बिलकुल नहीं. रंग के मामले में मुझ पर छोड़िए."

सिंधू स्टुलावर बसली होती. तिनं एकदा त्याच्याकडे बघितलं होतं आणि मग पदर सावरला होता. तिला काही बोलायचं होतं का, हे आता कुणाला विचारणार.

दुपारी फोटो निवडला तो अनुराधानं, आणि तिनं नेमका तोच निवडला. दसऱ्यानंतरचा. तिचं कारण साधं होतं. त्यात आईचे ओठ किंचित हललेले होते, काही सांगता सांगता थांबल्यासारखे, आणि बाकी कुठल्याच फोटोत ती जिवंत वाटत नव्हती. "फक्त ती दुसरी प्रिंट द्या, चांगल्या रंगाची," असं तिनं बजावलं.

अच्युत दोन्ही प्रिंट खिशात घालून सोनागिरीला गेला. स्टुडिओवाला ओळखीचा होता. त्यानं दोन्ही बघितल्या आणि पाटी कशी कापावी लागेल, किती मोठा करता येईल ते सांगितलं. अच्युत बराच वेळ काउंटरशी उभा राहिला. निळसर प्रिंट दिली असती तर काही बिघडणार नव्हतं. भिंतीवर एक गोरी, निरोगी बाई लागली असती आणि सगळे म्हणाले असते, छान आहे. पाटी कापली की खडूही जाणार होता; मग कुठल्या प्रिंटमध्ये काय खरं होतं ते जगात एकट्या त्यालाच ठाऊक राहणार होतं. त्याला स्वतःची शिसारी आली. इतका हिशेब त्यानं डॉक्टरसमोर केला असता तर, असं त्याच्या मनात आलं आणि त्यानं पहिली प्रिंट पुढे सरकवली.

"पीला थोड़ा कम कर दूँ, साहब?" स्टुडिओवाल्यानं विचारलं.

"नहीं," अच्युत म्हणाला. "रंग को हाथ मत लगाना."

तेराव्याच्या सकाळी फोटो भिंतीवर लागला. अनुराधानं हार घालताना बघितलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "पिवळाच आणलात," ती म्हणाली. तो हो म्हणाला. घरात भटजी होते, नणंदा-भावजया होत्या, तिला वाद घालायला वेळ नव्हता.

दुपारी मागच्या अंगणात पंगत बसली. टाउनशिपमधली मराठी माणसं बहुतेक आली होती, शिवाय क्लबातले सगळे. फोटो बाहेर आणून अंगणातल्या भिंतीशी खुर्चीवर ठेवला होता. अच्युतच्या शेजारी नरहर मुजुमदार बसला होता. अनुराधा पदर खोचून बुंदीचे लाडू वाढत होती. वाढता वाढता कुणा बाईला ती श्रीवास्तवचं सांगत होती, आणि बाई चुकचुकत होती. गोडाच्या जेवणाला आग्रह करावा लागतो, तसा ती सगळ्यांना करत होती. नाही नाही म्हणणाऱ्याच्या पानात दुसरा लाडू ठेवत होती.

नरहर फोटोकडे बघत होता. जेवताना, आणि तेही अशा दिवशी, हा विषय काढू नये हे त्याला कळत होतं, पण सवय जाते कुठे.

"वझे, राग नको मानू," तो हळूच म्हणाला. "पण पीला फार आला रे. लॅबवाल्यानं वहिनींचा रंग पार बिघडवून ठेवला. मला सांगितलं असतं तर मी उभं राहून काढून घेतला असता."

"रंग बरोबर आहेत," अच्युत म्हणाला.

"अरे, कुठे बरोबर? मी काय वहिनींना बघितलं नाही?"

लाडवांचं ताट घेऊन अनुराधा दोन पानं पलीकडे येऊन पोचली होती. अच्युतनं मान वर केली नाही. आवाज मात्र त्यानं खाली ठेवला नाही.

"लॅबची चूक नाही, नरहर. ती तशीच झाली होती. दसऱ्यालाच. मला फोटोत दिसलं, आणि मी लॅब बदलली."

नरहरचा हात पानात थांबला. अनुराधा वाकली होती ती सरळ झाली.

"आणि श्रीवास्तवनं मला विचारलं होतं," अच्युत पुढे म्हणाला. आता तो नरहरशी बोलत नव्हता. "ही घरी पिवळी वाटते का म्हणून. मी नाही म्हणालो. रंगातलं मला कळतं म्हणालो. तो माझ्या शब्दावर थांबला."

चुकचुकणारी बाई पानाकडे बघू लागली. पलीकडच्या टोकाला ज्यांना ऐकू गेलं नव्हतं ते मठ्ठा मागत होते, आणि त्यांना कुणीतरी मठ्ठा नेऊन दिला. अच्युत वाट बघत होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात श्रीवास्तवला मिळालं ते आपल्याला मिळावं, इथे, सगळ्यांदेखत, असं त्याला वाटत होतं. ते मिळालं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

ताट अनुराधाच्या हातात होतं आणि पंगत अर्धी वाढायची होती. तिनं नरहरच्या पानाशी वाकून लाडू ठेवला. "काका, आणखी एक घ्या," ती म्हणाली. नरहर नको नको म्हणाला तरी तिनं दुसरा ठेवला.

मग ती अच्युतच्या पानाशी आली. काही न विचारता एक लाडू ठेवला, नीट, पानाच्या बरोबर त्या जागी जिथे गोड वाढतात. आणि पुढे गेली. पुढच्या पानावरच्या माणसाला तिनं दोनदा विचारलं.